सिग्नालकुप्पे: मोंते रोझाच्या सीमारेषेवरचे शिखर

शनिवार: मिलान ते आलान्या

इटली आणि स्वित्झर्लंड यांच्या सीमेवर मोंते रोझा हा हिमनद्यांनी वेढलेला प्रचंड डोंगरसमूह पसरला आहे. त्यातले सर्वोच्च शिखर ड्युफूरश्पिट्झे (४६३४ मीटर) संपूर्णपणे स्वित्झर्लंडात येते. आम्ही निघालो होतो ते सिग्नालकुप्पे (४५५४ मीटर) मात्र नेमके सीमारेषेवर उभे आहे. इटलीच्या बाजूला त्याला पुंता न्यीफेत्ती म्हणतात. त्याच्या अगदी माथ्यावर काप्पाना रेजिना मार्गेरिता हे निवासस्थान आहे आणि ती युरोपातील सर्वांत उंचावरची इमारत मानली जाते. गिर्यारोहणाच्या फ्रेंच श्रेणीपद्धतीत या शिखराची नेहमीची वाट खालच्या एक-दोन पायऱ्यांवर बसते: कुठेही कातळाला झोंबावे लागत नाही, उभ्या बर्फात पायऱ्या खोदाव्या लागत नाहीत. मात्र ही श्रेणी ठरवताना हातापायांच्या कौशल्याचा विचार होतो, फुफ्फुसांचा आणि हिमनदीच्या भेगांचा फारसा होत नाही. या शिखरावर ज्यांची फजिती होते, त्यांतल्या बहुतेकांचा घोळ वाट चढण्यात नसून वेळापत्रक आखण्यात झालेला असतो असे माझे मत आहे, आणि म्हणूनच आम्ही उंची दिवसांत कशी वाटून घेतली, हे या वर्णनात जरा तपशिलाने सांगणार आहे.

सोबत म्युनिकला राहणारे श्रीकांत आणि मेधा होते. मी पुण्याहून मिलानला पोहोचलो आणि तिथून नोवारापर्यंत रेल्वेने व पुढे बसने असा प्रवास आम्ही एकत्र केला. नोवारा आणि व्हेर्चेल्ली यांच्या आसपास दोन्ही बाजूंना भातखाचरे पसरलेली दिसतात. इटलीतील तांदळाचे हे मुख्य आगर. त्यांतल्या बऱ्याच खाचरांना पाणी पुरवणारी सेझिया नदी मोंते रोझाच्याच हिमनद्यांतून निघते. हवा स्वच्छ असेल तर या खाचरांच्या मागे पांढरी भिंत दिसते. आम्हाला ढगांशिवाय काही दिसले नाही.

आलान्या हे सेझियाच्या खोऱ्यातले शेवटचे मोठे गाव, उंची सुमारे १२०० मीटर. मध्ययुगात आल्प्स ओलांडून आलेल्या वाल्सेर लोकांची ही वस्ती आहे. त्यांची घरे पाहण्यासारखी असतात: खाली दगडी तळमजला आणि वर लाकडी घर, त्याच्या चारही बाजूंनी आडव्या दांड्यांची गॅलरी, जिच्यावर गवत आणि धान्य वाळत घालत. संध्याकाळी गाईडची भेट झाली. त्याने आमच्या पिशव्या जमिनीवर रिकाम्या करायला लावल्या आणि प्रत्येक वस्तू हातात घेऊन पाहिली. क्रॅम्पॉन (बर्फात रुतणारे, बुटांखाली बांधायचे धातूचे दात) बुटांना घट्ट बसतात का, कमरेला बांधायच्या हार्नेसचा पट्टा जाड जाकिटावरून पुरतो का, गॉगल बाजूंनी बंद आहे का. श्रीकांतचे दोन जादा स्वेटर आणि माझा मोठा कॅमेरा हॉटेलातच राहिला. मेधाने आणलेल्या चिक्कीच्या आणि राजगिऱ्याच्या लाडवांच्या पुड्यांना त्याने हात लावला नाही.

हिमालयात एखाद्या शिखरावर जायचे म्हटले की परवानगीचे कागद आधी जमवावे लागतात. इथे शिखरासाठी कोणताही परवाना लागत नाही. शेंगेनचा व्हिसा, निवासस्थानांचे आगाऊ आरक्षण आणि बचावकार्याचा खर्च देणारा विमा एवढे पुरते. यातला विमा ऐच्छिक असला तरी तो न काढता जाणे शहाणपणाचे नाही.

रविवार: कोल द'ओलेन

आलान्याहून केबल कारने तडक पुंता इंद्रेनला (३२७५ मीटर) जाता येते आणि त्याच संध्याकाळी साडेतीन हजार मीटरच्या वर झोपताही येते. अनेक जण तसे करतात. आम्ही मधल्या टप्प्यावर उतरून कोल द'ओलेन या खिंडीजवळ, २८०० मीटरच्या थोडे वर मुक्काम केला. लडाखला विमानाने गेलेल्यांना ठाऊकच असेल की लेहला उतरल्यावर पहिला दिवस खोलीत लोळून काढायचा असतो. तोच दिवस आम्ही इथे पायी भटकून काढला.

या खिंडीजवळ आंजेलो मोस्सो यांच्या नावाची संशोधन संस्था आहे. मोस्सो हे तुरीनचे शरीरशास्त्रज्ञ. उंचावर माणसाला नेमके काय होते, हे शोधण्यासाठी ते १८९४ मध्ये सैनिकांची एक तुकडी घेऊन मार्गेरितात जाऊन राहिले आणि त्यांनी त्यांचे श्वास, नाडी, स्नायूंचा थकवा यांची मोजमापे घेतली. उंचावरच्या त्रासाचे कारण रक्तातील कर्बद्विप्राणील वायू कमी होणे हे आहे, असा त्यांचा सिद्धान्त होता. तो पुढे टिकला नाही. मूळ कारण प्राणवायूची कमतरता हेच ठरले. पण झोपेत श्वास कसा लाटांसारखा वाढतो, ओसरतो आणि क्षणभर थांबतो, याच्या त्यांनी घेतलेल्या नोंदी आजही महत्त्वाच्या मानल्या जातात. बुधवारी रात्री त्या नोंदींची मला फार आठवण झाली.

दुपारी गाईडने जवळच्या एका हिमपट्ट्यावर सराव घेतला. पाय रुंद टाकून चालणे, क्रॅम्पॉनचे सगळे दात एकाच वेळी बर्फात रुतवणे, घसरल्यावर आइस ऍक्सवर अंग टाकून थांबणे. नंतर दोर. आम्ही चौघे एका दोरावर असणार होतो आणि दोन माणसांत साधारण दहा मीटरचे अंतर राहणार होते. पुढचा माणूस भेगेत गेला, तर बाकीच्यांनी बसकण मारून त्याला तोलून धरायचे, म्हणून दोर कधीही सैल पडू द्यायचा नाही. तो बर्फाला हलकेच घासत जाईल एवढाच ढिला ठेवायचा. ऐकायला सोपे वाटते, पण पुढचा थबकला की मागचा नकळत दोन पावले जास्त टाकतो आणि दोराचे वेटोळे पायाशी जमते. सह्याद्रीत कडे चढताना आपल्याला दोर वरून ताणलेला असण्याची सवय असते. आडव्या हिमनदीवर तो सपाट पडलेला असताना त्याच्यावर लक्ष ठेवणे ही निराळी शिस्त आहे, आणि ती मला शेवटपर्यंत अंगवळणी पडली असे म्हणता येणार नाही.

सोमवार: पुंता इंद्रेन ते न्यीफेत्ती निवासस्थान

केबल कारने इंद्रेनला उतरल्यावर लगेच हिमनदी लागते. एके काळी स्थानकाच्या दाराशी असलेला बर्फ आता खूप मागे सरकला आहे आणि सुरुवातीचा काही भाग दगडगोट्यांतून चालावा लागतो. इंद्रेन हिमनदी आडवी ओलांडली की समोर कातळाचा पट्टा येतो. त्यावर जाड दोर बांधलेले आहेत. हात धरायला आणि पाय ठेवायला जागा भरपूर आहे, पण पाठीवरच्या ओझ्यामुळे दम लागतो. कातळ संपल्यावर चित्ता दी मांतोव्हा हे निवासस्थान (३४९८ मीटर) डावीकडे खाली राहते आणि गार्स्तेलेत हिमनदीच्या चढावरून आणखी वर न्यीफेत्ती निवासस्थान (३६४७ मीटर) दिसते. ते एका खडकाच्या माथ्यावर बांधलेले आहे, आणि शेवटचे काही मीटर लोखंडी पायऱ्या व दोर धरून चढावे लागतात. इंद्रेनपासून दीड-दोन तास पुरतात.

ही जागा ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते जोव्हान्नी न्यीफेत्ती हे आलान्याचे धर्मगुरू होते. आधीच्या अनेक अयशस्वी प्रयत्नांनंतर ९ ऑगस्ट १८४२ रोजी ते गावातल्या सोबत्यांसह सिग्नालकुप्पेच्या माथ्यावर पहिल्यांदा पोहोचले. त्या काळी केबल कार नव्हती; गावापासून माथ्यापर्यंत ३३०० मीटरहून अधिक चढ त्यांनी साध्या कपड्यांत आणि खिळे ठोकलेल्या बुटांत केला.

निवासस्थानाची रीत सांगायला हवी, कारण पहिल्यांदा जाणारा गांगरतो. दाराशीच आइस ऍक्स, क्रॅम्पॉन, बूट काढून ठेवायचे आणि तिथल्या चपला घालायच्या. झोपायला दुमजली फळ्या, ब्लँकेट तिथले, पण आतली पातळ चादरीची पिशवी आपली आपण न्यायची. पिण्याचे पाणी बाटलीबंद, आणि ते विकत घ्यावे लागते, कारण नळाला येणारे पाणी बर्फ वितळवून आलेले असते व पिण्यायोग्य नसते. आंघोळीचा प्रश्नच नाही. संध्याकाळचे जेवण सगळ्यांना एकाच वेळी मिळते. शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही: भाज्यांचे घट्ट सूप, पास्ता, चीज घातलेला मक्याच्या पिठाचा पोलेंता. आरक्षण करतानाच शाकाहार कळवून ठेवावा. जेवण झाल्यावर दुसऱ्या दिवशीचा नाश्ता किती वाजता हवा ते सांगायचे असते, आणि नऊनंतर बोललेले कोणाला आवडत नाही.

मंगळवार: पिरामिदे व्हिन्सेंत आणि बालमेनहॉर्न

हा दिवस शिखरासाठी नव्हताच. गाईडच्या हिशेबात तो शरीराला चार हजारांची ओळख करून देऊन पुन्हा ३६४७ मीटरवर झोपायला आणण्यासाठी होता. ज्यांच्याजवळ एकच दिवस काढता येण्यासारखा असेल, त्यांनी तो इथे काढावा.

पहाटे पाचला निघालो. निवासस्थानाच्या मागून लिस हिमनदीत उतरताच भेगांचा भाग सुरू होतो. काही भेगा उघड्या, हिरव्या-निळ्या काळोखात उतरणाऱ्या. काही बर्फाच्या पुलाने झाकलेल्या, आणि त्यांची ओळख म्हणजे पृष्ठभागावर दिसणारी किंचित खोलगट, मळकट रेघ. गाईड प्रत्येक रेघेपाशी आइस ऍक्सचा दांडा खुपसून पाही आणि ती काटकोनात ओलांडी. रेघेच्या समांतर चालू नये, कारण मग दोरावरचे सगळेच एका भेगेवर येतात.

पिरामिदे व्हिन्सेंत (४२१५ मीटर) हा उजव्या हाताला असलेला रुंद बर्फाचा घुमट आहे. इथल्या सोन्याच्या खाणींशी संबंधित असलेल्या ग्रेसोनेच्या योहान निकोलाउस व्हिन्सेंत यांनी १८१९ मध्ये त्यावर पाऊल ठेवले, म्हणून हे नाव. चढ एकसारखा, थोडा कंटाळवाणा. माथ्यावर वारा इतका होता की पाच मिनिटांत खाली वळलो.

परतताना बालमेनहॉर्नवर गेलो. हे शिखर म्हणण्यापेक्षा हिमनदीतून डोके वर काढलेला खडक आहे (४१६७ मीटर). त्यावर १९५५ मध्ये बसवलेला येशू ख्रिस्ताचा मोठा धातूचा पुतळा आणि वादळात अडकलेल्यांसाठी एक छोटीशी लाकडी खोली आहे. खडकावर चढायला दोर आणि पायऱ्या आहेत. गाईडने पुतळ्यापेक्षा खोलीकडे आमचे लक्ष वेधले. लिसच्या पठारावर धुके उतरले की वर-खाली, पुढे-मागे काही कळत नाही. अशा वेळी माणसे उतारावरून सरळ उत्तरेला जातात आणि स्वित्झर्लंडच्या बाजूच्या भेगांत सापडतात. हा खडक डोळ्यांसमोर असेपर्यंत मागे फिरायचा निर्णय घ्यावा, त्यापुढे तो घेणे कठीण होत जाते. त्याने जीपीएसवर इथे एक खूण करून ठेवली आणि आम्हालाही आमच्या फोनवर करायला लावली.

दुपारी बारापूर्वी आम्ही निवासस्थानात परतलो होतो. मेधाला डोकेदुखी नव्हती, श्रीकांतला किंचित होती, ती पाणी पिऊन आणि दोन तास पडून गेली. उंचीवर जाण्यासाठी डायमॉक्स ही उंचीचा त्रास टाळण्याची गोळी घ्यावी का, हा प्रश्न आपल्याकडे लडाखमुळे घरोघरी माहीत झाला आहे. आम्ही डॉक्टरांच्या सल्ल्याने ती जवळ ठेवली होती, घेतली मात्र नाही. पायऱ्यापायऱ्यांनी उंची वाढवल्यावर तिची गरज भासली नाही.

बुधवार: सिग्नालकुप्पे

साडेतीनला उठलो, चारला नाश्ता, पावणेपाचला दोरावर. आकाश निरभ्र होते आणि बर्फ रात्रीच्या थंडीने कडक झाला होता. ही थंडी गृहीत धरण्याचे दिवस आता राहिलेले नाहीत. जुलै २०२२ मध्ये स्वित्झर्लंडवर शून्य अंशाची पातळी, म्हणजे जिच्या वर हवा गोठणबिंदूखाली जाते ती उंची, ५१८४ मीटरवर, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये ५२९८ मीटरवर मोजली गेली. म्हणजे या शिखराच्या माथ्यावरही त्या रात्री हवा गोठणबिंदूच्या वर होती. अशा आठवड्यांत बर्फाचे पूल रात्रीही घट्ट होत नाहीत आणि ही सोपी वाट सोपी राहत नाही. हवामानाचा अंदाज पाहताना बहुतेक लोक पाऊस आणि वारा पाहतात. शून्य अंशाची पातळी कितीवर आहे, हा आकडा त्यांच्या आधी पाहावा.

कालच्याच वाटेने बालमेनहॉर्नच्या पायथ्यापर्यंत पोहोचायला दोन तास लागले. पावलांचा वेग गाईडने इतका कमी ठेवला होता की सुरुवातीला अपमान वाटावा. एक पाऊल, एक श्वास. थांबायचे नाही, घाईही नाही. मागून आलेली तरुणांची एक तुकडी आम्हाला भराभर मागे टाकून गेली आणि पुढे अर्ध्या तासाने बर्फात बसलेली आढळली. चिक्की खिशातल्या खिशात दगडासारखी कडक झाली होती आणि दातांनी तुटेना. राजगिऱ्याचे लाडू मात्र त्या थंडीतही भुगा होऊन तोंडात विरघळत होते. पुढच्या वेळी फक्त लाडूच न्यावेत असे सर्वानुमते ठरले.

कोल्ले देल लिस ही खिंड सुमारे ४२५० मीटरवर आहे. खिंड म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर दोन कड्यांमधली चिंचोळी फट येते. ही मात्र मैदानासारखी पसरट आहे, आणि सीमारेषा या पांढऱ्या पसाऱ्यावरून कुठून तरी जाते. ती खरोखरच सरकते: पाणी कोणत्या बाजूला वाहते यावर सीमा ठरलेली असल्याने हिमनद्या वितळल्या की ती रेषाही हलते, आणि हे लक्षात घेऊन दोन्ही देशांनी २००९ च्या सुमारास सीमा पाणलोटाबरोबर बदलेल असे मान्य केले. १७७८ मध्ये ग्रेसोने खोऱ्यातील सात माणसे याच भागात चढून आली होती. डोंगराच्या पलीकडे पूर्वजांची एक हरवलेली हिरवी दरी आहे, अशी त्यांच्यात आख्यायिका होती. इथल्या एका खडकावर उभे राहून त्यांनी उत्तरेला एक मोठे, निर्जन खोरे पाहिले आणि दरी सापडली असे मानले. ते खोरे झेरमॅटच्या वरच्या भागातले होते. तो खडक आजही ‘शोधाचा खडक’ या अर्थाच्या जर्मन नावाने ओळखला जातो.

इथून वाट चढायचे सोडून थोडी खाली उतरते, स्वित्झर्लंडच्या हद्दीतील ग्रेन्झ हिमनदीवर. डावीकडे लिस्कामची (४५२७ मीटर) टांगलेल्या बर्फाने भरलेली उत्तर भिंत, पलीकडे मॅटरहॉर्नचे सुळकेदार टोक. उजवीकडे पारोटश्पिट्झेच्या उतारावर हिमाचे मोठे ठोकळे लटकलेले आहेत, म्हणून या आडव्या चालीत न थांबता पुढे जायचे असते. फोटोसाठी मी थांबू लागलो, तेव्हा दोराला हलका हिसका बसला. गाईडने मागे वळूनही पाहिले नाही.

मग शेवटचा खोलगट भाग आणि त्याच्या वर कोल्ले न्यीफेत्ती (४४५२ मीटर), सिग्नालकुप्पे आणि त्सुमस्टाइनश्पिट्झे यांना जोडणारी बर्फाची खिंड. बाहेरून ओळखू येणार नाही, पण हवामानाच्या इतिहासासाठी ही जागा आल्प्समध्ये फार मोलाची आहे. एवढ्या उंचीवर बर्फ थंड राहतो आणि वितळत नाही. शिवाय हिवाळ्यात पडलेले हिम वारा उडवून नेतो, त्यामुळे एका वर्षाचा थर पातळ बसतो व थोड्याच खोलीत शेकडो वर्षे साठतात. १९७० च्या दशकापासून शास्त्रज्ञ इथे छिद्रे पाडून बर्फाचे लांब दंडगोल काढतात. त्यांत सहारा वाळवंटातून उडून आलेल्या धुळीचे पिवळसर थर आणि युरोपातल्या शिसे वितळवण्याच्या धंद्याच्या खुणा सापडतात. आम्ही गेलो तेव्हाही वाऱ्याने घासलेल्या एका कडेला फिकट पिवळी पट्टी उघडी पडली होती. बोटाने चोळल्यावर ती पिठासारखी लागली.

खिंडीपासून माथा शंभर मीटर वर आहे. हाच काय तो जरा तीव्र चढ, तीस-पस्तीस अंशांचा, आणि तो आडवा घेत वर जावे लागते. इथे एक पाऊल टाकल्यावर तीन-चार श्वास घ्यावे लागत होते. समुद्रसपाटीच्या मानाने हवेचा दाब इथे सुमारे ५८ टक्के उरतो. सव्वादहाच्या सुमारास आम्ही लाकडी ओट्यावर पोहोचलो. निवासस्थानाच्या कडेला, पूर्वेच्या बाजूला, कठड्यावरून खाली पाहिले की मोंते रोझाची माकुन्यागावर उभी राहिलेली भिंत दिसते. जवळजवळ अडीच हजार मीटरची ती भिंत आल्प्समधली सर्वांत उंच मानतात. त्या कठड्याला मी दोन्ही हातांनी धरून होतो.

पहिली झोपडी १८९३ मध्ये पूर्ण झाली. राणी मार्गेरिता स्वतः त्या वर्षी ऑगस्टमध्ये इथे चढून आल्या होत्या आणि त्यांचेच नाव तिला मिळाले. आजची इमारत १९८० ची आहे. बाहेरून तांब्याच्या पत्र्याने मढवलेली असल्याने वीज पडली तरी ती पत्र्यावरून बाहेरच्या बाहेर निघून जाते आणि आतली माणसे सुरक्षित राहतात. उजेड, स्वयंपाकघर, पिझ्झाची भट्टी, वाचायला थोडी पुस्तके आणि संशोधकांसाठी राखून ठेवलेली जागा असे सगळे आत आहे.

याच जागेत १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग झाला, जो आमच्या वेळापत्रकाच्या नेमका उलटा होता. पूर्वी उंचीवर फुफ्फुसांत पाणी झालेल्या माणसांना जेमतेम एका दिवसात खालून इथे आणले गेले. अर्ध्यांना निफेडिपिन हे औषध व अर्ध्यांना नुसती खोटी गोळी दिली. खोटी गोळी घेतलेल्या ११ जणांपैकी ७ जणांच्या फुफ्फुसांत पुन्हा पाणी झाले. औषध घेतलेल्या १० जणांपैकी एकाच्याच. औषध कामाचे ठरले, हा त्याचा वैद्यकीय निष्कर्ष. मला त्यातला ११ पैकी ७ हा आकडा अधिक बोलका वाटतो, कारण घाईने येणाऱ्यांपैकी कित्येक जण नकळत याच प्रयोगात सामील होत असतात.

दुपारी तीनच्या सुमारास मेधा म्हणाली, “दादा, डोकं जड झालंय आणि पिझ्झाच्या वासानं कसंतरी होतंय.” श्रीकांतने तिच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला: रक्तातला प्राणवायू ७४ टक्के. माझा ७९. या उंचीवर असे आकडे नवे नव्हेत, आणि गाईडने त्यांच्याकडे एकदा पाहून मान फिरवली. त्याने तिला जेवणघराच्या लाकडी जमिनीवर, फळ्यांच्या एका सांध्यावरून टाचेला बोटे लावत सरळ चालायला सांगितले. ती गेली, वळली, परत आली. तोल गेला नाही. मग त्याने अटी सांगितल्या: पॅरासिटॅमॉल, अर्धा लिटर पाणी, झोपायचे नाही, बसून राहायचे. सहा वाजता पुन्हा चालणे. तोल गेला, उलटी झाली किंवा बसल्या जागी धाप लागली, तर उजेड आहे तोवर सगळ्यांनी खाली जायचे, त्यावर चर्चा नाही. सहाला ती पुन्हा सरळ चालली आणि सूपही प्यायली. तरीही श्रीकांतने दोर आणि क्रॅम्पॉन रात्रभर दाराजवळ तयार ठेवले होते.

रात्र वाईट गेली, म्हणजे जशी जायची तशीच गेली. डोळा लागतो, श्वास हळूहळू उथळ होत थांबतो, आणि माणूस दचकून हवा ओढत जागा होतो. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. मोस्सोंनी शंभरहून अधिक वर्षांपूर्वी आलेखावर टिपलेली ती लाट अंगावरून जाताना भीती वाटते, पण अशा उंचीवर ती बहुतेकांना येते. पहाटे उठून कठड्यापाशी गेलो, तेव्हा दक्षिणेला पो नदीच्या मैदानातले दिवे मिलानपर्यंत पेटलेले होते.

गुरुवार: उतरण

सहाला निघालो. उतरताना मन मोकळे होते आणि तिथेच पाय चुकतात. गाईडने उतारावर मेधाला पुढे आणि स्वतःला सर्वांत मागे घेतले, म्हणजे कोणी घसरले तर वरून दोर धरता येईल. कोल्ले देल लिसला परत चढावे लागणारे ते थोडेसे अंतर, रात्री न झोपलेल्या पायांना आधीच्या सगळ्या चढापेक्षा जड गेले.

साडेआठनंतर बालमेनहॉर्नच्या खाली बर्फ मऊ पडू लागला. न्यीफेत्तीच्या अलीकडच्या भेगांच्या भागात श्रीकांतचा उजवा पाय मांडीपर्यंत आत गेला. आवाज काहीच झाला नाही. तो एका बाजूला कलला, त्याच्या पुढचा आणि मागचा दोर ताणला गेला, आम्ही खाली बसलो. त्याने आइस ऍक्स आडवी टाकून पाय ओढून काढला. राहिलेले भोक थाळीएवढे होते आणि त्यातून थंड, ओलसर हवा वर येत होती. काल सकाळी याच पुलावरून आम्ही चौघे खणखणीत बर्फावर पाय देत गेलो होतो.

साडेनऊला न्यीफेत्तीत चहा, अकराच्या सुमारास इंद्रेन. इंद्रेनहून खाली जाणारी शेवटची केबल कार कितीची आहे, हे वर जातानाच फलकावर पाहून ठेवावे. ती चुकली तर स्टोलेम्बर्गच्या कड्याला वळसा घालून जाणारी, दोर लावलेली पायवाट उरते, आणि थकलेल्या माणसासाठी तिथली घसरडी दगडधोंड्यांची वाट हिमनदीपेक्षा धोक्याची आहे.

ज्यांना वरचा मुक्काम नको असेल, त्यांनी न्यीफेत्तीहून चारला निघून, माथा गाठून, दुपारी एकच्या आत भेगांचा भाग ओलांडून परत यावे. झोपेचा त्रास वाचतो आणि शिखर तेवढेच पूर्ण होते. काही जण कोल्ले देल लिसला न वळता ग्रेन्झ हिमनदीवरून सरळ झेरमॅटकडे, २८८३ मीटरवरच्या मोंते रोझा निवासस्थानापर्यंत उतरतात. ती उतरण लांब आहे आणि तिच्या मधल्या भागातल्या भेगा इटलीच्या बाजूच्या भेगांपेक्षा कितीतरी मोठ्या आहेत, त्यामुळे वाटेची ताजी माहिती आणि जाणता गाईड नसेल तर तिच्या वाटेला जाऊ नये.